दुखतंय म्हणजे कसं?

अक्कलदाढ काढली त्याला आता पाच आठवडे झाले, तरी जीभ अजून तिथे जाते. खालच्या उजव्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या मागे, जिथे वर्षानुवर्षं काहीतरी टणक आणि तिरपं रुतून बसलं होतं, तिथे आता मऊ खळगा आहे. दर दोन-चार दिवसांनी तो थोडा उथळ झालेला जिभेला समजतो. वरची हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरून यायला मात्र काही महिने लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी वाट बघतेय.

पण लिहायला बसले ती त्या खळग्यासाठी नाही. दाढ काढल्यानंतरच्या चौथ्या आणि पाचव्या रात्रीबद्दल लिहायचंय. त्या दोन रात्री मी जे सोसलं ते सोसायची गरजच नव्हती. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, औषधं वेळच्या वेळी चालू होती, घरचे उशापायथ्याशी होते. मी फक्त ‘दुखणारच’ या एका शब्दावर विश्वास ठेवला.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. ठाण्यात वर्तकनगरला घर, खिडकीशी टेबल, दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, भलत्या जागी पडलेला शब्द उचलून त्याच्या जागी ठेवायचा. या कामात गेली चौदा वर्षं गेली, आणि अजूनही नेमका शब्द सापडला की मला बरं वाटतं. हे सांगते, कारण पुढे जे झालं ते याच्याशी जोडलेलं आहे.

दाढेचा त्रास जुना. वर्षातून दोन-तीनदा तिच्यावरची हिरडी सुजायची. दाढ अर्धीच वर आलेली, अर्धी हिरडीच्या टोपीखाली. त्या टोपीत घास अडकायचा, हिरडी फुगायची, गिळताना घशापर्यंत दुखायचं. पूर्वी ज्या दवाखान्यात जायचे तिथे दर वेळी अँटिबायोटिक लिहून मिळायचं आणि मीही ते घेऊन गप्प बसायचे. यंदा जूनमध्ये पुन्हा सूज आली तेव्हा शेजारच्या काकूंनी नौपाड्यातल्या एका सर्जन बाईंकडे पाठवलं. त्यांनी तोंडात बघून आधी ओपीजी काढून आणायला सांगितलं.

ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याचा एकच लांबट एक्स-रे. हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती गोल फिरतं. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. बाकीच्या दाढा रांगेत उभ्या आणि ही एकटी आडवी झोपलेली, डोकं पुढच्या दाढेच्या मुळाशी टेकवून. जिथे टेकली होती तिथे पुढच्या चांगल्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली होती. तिच्या मुळांखालून दोन बारीक पांढऱ्या रेघा जात होत्या. त्या रेघांच्या मधून खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. ‘मुळं नसेच्या जवळ आहेत, पण चिकटलेली वाटत नाहीत. काही दिवस ओठाला बधिरपणा राहू शकतो. क्वचित जास्त दिवस राहतो,’ डॉक्टर म्हणाल्या. न घाबरवता आणि काही न लपवता. मला त्यांचं ते सांगणं फार आवडलं.

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. मी अडतीस वर्षांची. या वयात ती काढायची तर जरा जड जातं, कारण मुळं पूर्ण वाढलेली असतात आणि हाड टणक झालेलं असतं. माणूस अन्न शिजवून, दळून, मऊ करून खायला लागला तसतसा त्याचा जबडा आखूड होत गेला आणि शेवटच्या दाढांना जागा उरेनाशी झाली, असं अभ्यासक सांगतात. काहींना ही दाढ जन्मतः नसतेच. आपण तिचं नाव अकलेशी जोडलं, आणखीही कितीतरी भाषांनी तेच केलं. जपानी भाषेत मात्र तिला ‘ओयाशिराझु’ म्हणतात, म्हणजे आईवडिलांना ठाऊक नसलेली. मूल मोठं होऊन आईबापांपासून लांब गेलं, किंवा आईबापच राहिले नाहीत, की मग येणारी. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि विसरलेही होते. दाढ काढायच्या आदल्या संध्याकाळी आई डोंबिवलीहून पिशवी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा ते आठवलं. पिशवीत नाचणीचं सत्त्व, मेतकूट, घरचं तूप आणि स्वतःच्या गोळ्यांचा डबा. तीन मजले चढून आली होती. लिफ्ट बंद होती. आत येऊन खुर्चीत बसली आणि बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून होती. मी पाणी दिलं, गुडघ्याचं विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता खुर्चीत बसले. बाहेर पाऊस. डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. आधी जिभेचा अर्धा भाग गेला, मग ओठ, मग हनुवटी. जणू चेहऱ्याचा तेवढा तुकडा दुसऱ्या कोणाचा. ‘दाब जाणवेल, आवाज येईल, पण दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी त्याच क्षणी थांबेन,’ त्या म्हणाल्या.

कापताना काही कळलं नाही. ड्रिल सुरू झालं तेव्हा आवाज कानातून येत नव्हता, हाडातून येत होता. गार पाण्याची धार, ते ओढून घेणाऱ्या नळीची घरघर, डॉक्टरांच्या कोपराचा माझ्या खांद्याला होणारा स्पर्श. मग दाढेचे दोन तुकडे करताना एक ‘कट्’ असा आवाज आला, लाकूड चिरल्यासारखा. त्यानंतर मुळाचा तुकडा हलवताना आत खोल एकदम काहीतरी झालं. मी हात वर केला. त्या थांबल्या.

‘दाबल्यासारखं वाटलं की टोचल्यासारखं?’

मी बोटांनी टोचण्याची खूण केली. त्यांनी आणखी भूल दिली, दोन मिनिटं थांबल्या, मग पुन्हा सुरू केलं. पुढे शेवटपर्यंत फक्त दाबच जाणवला. शिवण घालताना काळा दोरा ओठाला गुदगुल्या करून जात होता तेवढंच.

दाब की टोचणी, हा प्रश्न किती मोठा होता हे मला तेव्हा कळलं नाही.

भुलीच्या औषधांचा इतिहास आणि दाताचं दुखणं हे हातात हात घालून चाललेलं आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा दंतवैद्य होरेस वेल्स याने डिसेंबर 1844 मध्ये एका करमणुकीच्या प्रयोगात पाहिलं की नायट्रस ऑक्साइड हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली तरी त्याला काही कळलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः घेतला आणि स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्याच महिन्यात तो बॉस्टनला गेला आणि डॉक्टरांसमोर, विद्यार्थ्यांसमोर प्रयोग केला. दात काढताना रुग्ण कण्हला. सभागृहाने वेल्सला लबाड ठरवलं. त्या रुग्णाने सांगितलं होतं, की थोडं दुखलं, पण अशा वेळी एरवी दुखतं तेवढं नाही. ते कुणी ऐकून घेतलं नाही. 1846 च्या ऑक्टोबरमध्ये बॉस्टनमध्येच विल्यम मॉर्टनने इथर वापरून दाखवलं आणि जगाला भूल मिळाली. वेल्स 1848 मध्ये अत्यंत वाईट अवस्थेत गेला. माझ्या हिरडीत गेलेलं लिग्नोकेन त्याच्या पुष्कळ नंतरचं, स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने 1943 मध्ये तयार केलेलं. मला या सगळ्यात तो बॉस्टनचा रुग्ण जास्त आठवतो. त्याचं कण्हणं सगळ्यांनी ऐकलं, त्याला किती आणि कसं दुखलं ते मात्र त्याने सांगूनही कोणाच्या कानी गेलं नाही.

घरी रिक्षाने आलो. दाताखाली कापसाची घडी घट्ट चावून धरलेली, अर्धा-पाऊण तास सोडायची नाही. नवरा रिक्षावाल्या दादांना सारखं ‘जरा हळू, जरा हळू’ म्हणत होता. हरिनिवासच्या चौकात पाणी तुंबलं होतं. कॅडबरीच्या सिग्नलपाशी खड्डा चुकवता आला नाही, पण मला काही जाणवलं नाही. भूल अजून होती. पोखरण रोडला वळलो तेव्हा खालच्या ओठात मुंग्या यायला लागल्या आणि मला आनंद झाला. ओठ माझाच होता, नस शाबूत होती.

पहिले तीन दिवस खरं सांगायचं तर कठीण नव्हते. काय करायचं ते ठाऊक होतं. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला होता, तो फ्रिजवर लावला. पहिले चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढून प्यायचं नाही; कारण दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते ती जागेवरून हलता कामा नये. आपल्याकडे जेवण झालं की खळखळून चूळ भरायची इतकी सवय, की हात सारखा नळाकडे जायचा. पहिला दिवस गालावर बाहेरून बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने अगदी हळू गुळण्या. पाणी तोंडात नुसतं फिरवायचं आणि बेसिनवर वाकून आपोआप सांडू द्यायचं. झोपताना दोन उशा.

आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, पुरतं गार करून. मुगाचं कढण गाळून. भात मात्र ती नुसता गुरगुट्या करून थांबली नाही, रवीने घोटला. एक शीत अख्खं राहिलं नाही पाहिजे, खड्ड्यात जाऊन बसलं तर? वर तूप आणि मीठ. नारळपाणी पेल्यात ओतून चमच्याने. तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. जबड्याचे स्नायू असे आखडतात, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, दातखिळी. चहाचा चमचा आडवा जाईना, म्हणून आईने देवघरातली पळी धुऊन आणली. तिचं टोक लहान. तिने ती माझ्या ओठाशी धरली तेव्हा तिचा हात किंचित थरथरत होता आणि भाताचा वाफाळ वास, तुपाचा वास, पळीच्या तांब्याचा वास असं सगळं एकदम आलं. मी चौथीत असताना गालगुंड झाले होते, तेव्हा तिने असंच भरवलं होतं.

रविवारी गाल सगळ्यात जास्त सुजला. जबड्याखाली पिवळट-जांभळट डाग उतरला. हे सगळं होणार, दोन-तीन दिवसांनी सूज सगळ्यात जास्त असते, हे कागदावर होतं. सोमवारी सकाळी आरशात बघितलं तर गाल ओसरलेला, आत फक्त शिवणीपाशी ओढ. टेबलाशी बसून वीस पानं तपासली. संध्याकाळी आईला म्हणाले, तू उद्या गेलीस तरी चालेल.

त्या रात्री साडेबाराच्या सुमारास जाग आली. जबड्यात कोणीतरी ठोकत होतं.

सुरुवातीला वाटलं, कुशीवर झोपले म्हणून असेल. उठून बसले, कमी झालं नाही. नाडीबरोबर एकेक ठोका. दाढेच्या जागेपासून उठायचा, कानाच्या आत जायचा, तिथून कानशिलापर्यंत. गोळी रात्री दहाला घेतली होती, पुढची सहाला. मी गोळ्यांच्या वेळा पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. त्या पाकिटाकडे बघत बसले. आणखी एक घ्यावी असं फार वाटलं. घेतली नाही, आणि ते बरोबर केलं. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवायच्या नसतात. बाहेर पाऊस पत्र्यावर, मग सोसायटीच्या पंपाची घरघर, मग पहाटेची पहिली टीएमटी बस वळताना येणारा आवाज. तोंडाला एक घाण चव आली होती, लोखंड आणि काहीतरी कुजल्यासारखी.

आई उठून आली. काही बोलली नाही, पायथ्याशी खाली बसली आणि माझे तळवे दाबायला लागली. तळव्यांचा आणि दाढेचा काय संबंध, पण तेवढा वेळ ठोके दूर गेल्यासारखे वाटायचे. आपटलेलं कोपर आपण आपोआप चोळतो, त्यामागे शास्त्र आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असतं, आणि स्पर्शाचे, दाबाचे संदेश ते दार काही प्रमाणात लोटून घेतात. मन दुसरीकडे लागलं, जवळ कोणी असलं, तरी वेदनेची धार कमी होते. आईने यातलं काही वाचलेलं नाही. ती दाबत राहिली. पहाटे उठताना पलंगाची कड धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, अशी उठली. तेही मी पाहिलं.

‘होईल गं कमी. दुखणारच, हाड कोरलंय,’ ती म्हणाली.

मंगळवारी दिवसभर हेच ऐकलं. फोनवर मावशी म्हणाली, दुखणारच, माझं तर आठ दिवस दुखत होतं. नवरा म्हणाला, दुखणारच ना, पण आपण विचारून तरी घेऊ. मीच त्याला थांबवलं. नणंद, शेजारच्या काकू, सगळ्यांनी मायेनं विचारलं आणि सगळ्यांनी तेच सांगितलं. त्यात कोणाचाही दोष नाही. हा शब्द आपण धीर द्यायला वापरतो. बाळंतपणात दुखणारच, पाळीत दुखणारच, वय झालं की दुखणारच. बाईला तर तो लहानपणापासून पाठ असतो. तो धीर देतो, आणि त्याबरोबर पुढचं बोलणं मिटवून टाकतो. त्यानंतर कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. मी मंगळवारची रात्रही तशीच काढली. त्या रात्री मी खिडकीपाशी कपाळ गार काचेला टेकवून उभी होते, आणि आपण सोसतोय याचं मला कुठेतरी बरंही वाटत होतं. हे लिहिताना आज मला त्या बरं वाटण्याची फार चीड येते.

बुधवारी सकाळी नवऱ्याने मला न विचारता डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला.

‘दुखतंय,’ मी म्हणाले.

‘दुखतंय म्हणजे कसं?’

मी गप्प. दिवसभर शब्दांत वावरणारी बाई, आणि मला उत्तर सुचेना. पाच दिवस सगळ्यांशी मी एकच क्रियापद वापरत होते. डॉक्टर थांबल्या. घाई केली नाही. मग त्यांनीच विचारलं, ‘सारखं दुखतंय, की कळ येते आणि जाते? की ठणकतंय?’

‘ठणकतंय. नाडीबरोबर. कानात जातं, इथे कानशिलापर्यंत.’

‘सुरुवातीपासून?’

‘नाही. सोमवारी सकाळी खूप कमी होतं. रात्री सुरू झालं.’

‘तोंडाला घाण चव, वास?’

‘हो.’

‘हे नेहमीचं दुखणं नाहीये. लगेच या. दुपारपर्यंत थांबू नका.’

ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. दाढ निघाल्यावर खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी म्हणजे त्या जखमेची खपली. तिच्याखाली हाड झाकलेलं राहतं आणि हळूहळू भरत येतं. कधी ती गुठळी विरघळते किंवा निसटते आणि हाड उघडं पडतं. तोंडातली हवा, लाळ, पाणी, अन्न सगळं थेट त्यावर. खालच्या, अवघड निघालेल्या अक्कलदाढांच्या बाबतीत हे जास्त होतं. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका आणखी मोठा. मी तर साऱ्या सूचना पाळल्या होत्या. ‘कधी कधी सगळं नीट करूनही होतं, तुम्ही स्वतःला बोल लावू नका,’ डॉक्टर म्हणाल्या. त्याची खूण हीच, की आधी उतरलेलं दुखणं तीन-चार दिवसांनी उलटून वाढतं, ठणकतं, कानाकडे जातं, आणि गोळीला दाद देत नाही.

त्यांनी पिचकारीने कोमट सलाइन सोडून खड्डा धुतला. मग औषधात भिजवलेली गॉझची एक बारीक पट्टी चिमट्याने आत बसवली. वास आला आणि मी डोळे मिटले. लवंग. आजीच्या फडताळातल्या पितळी डबीचा वास. त्या औषधातलं युजेनॉल हेच लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य. आजी दाढ दुखली की लवंग धरायला द्यायची, ते अगदी बरोबर होतं. (पण अशा ताज्या जखमेत घरच्या घरी लवंगेचं तेल ओतू नका. ते उघड्या मांसाला भाजतं. डॉक्टर मोजून, पट्टीला लावून घालतात.) दहा-पंधरा मिनिटांत ठोके विरळ झाले. मग लांब गेले. मग थांबले. दोन रात्रींत मी रडले नव्हते, तिथे खुर्चीत रडले.

निघताना त्या म्हणाल्या, ‘तीन दिवसांनंतर दुखणं वाढलं तर फोन करा, हे कागदावर होतं की.’

होतं. घरी येऊन फ्रिजवरचा कागद वाचला. सहावी ओळ. ‘तिसऱ्या दिवसानंतर वेदना वाढल्यास त्वरित संपर्क साधावा.’ ही ओळ मी पहिल्याच दिवशी वाचली होती. पण ‘वेदना’ हा शब्द वाचताना मला त्यात माझ्या जबड्यातलं ठोकणं दिसलंच नाही. वेदना हा छापील शब्द आहे. दुखणं तोंडात येतं तेव्हा ते दुसऱ्या शब्दांत येतं. तिथे जर लिहिलं असतं, ‘ठणका लागला, कानात कळ गेली, तोंडाला घाण चव आली तर फोन करा’, तर मी सोमवारी रात्रीच जागी झाले असते. मी डॉक्टरांना तसं सुचवलं. त्यांनी ते उतरवून घेतलं, आणि शिवण काढायला गेले तेव्हा नवा कागद दाखवला. तो मी तपासून दिला. या वर्षी केलेल्या कामांपैकी त्या अर्ध्या पानाचं मला सगळ्यात समाधान आहे.

त्याच मेलझॅकने पुढे 1975 मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणाऱ्या माणसांचे शब्द गोळा करून केलेली. 78 शब्द, 20 गटांत लावलेले. कोणता शब्द निवडला यावरून दुखणं कुठल्या जातीचं आहे याचा अंदाज येतो. दहापैकी किती दुखतंय, हा आकडा तेवढं सांगू शकत नाही. हे वाचलं त्या संध्याकाळी मी एका पाठकोऱ्या कागदावर आपले शब्द लिहायला घेतले.

ठणका, नाडीबरोबर चालणारा. ठुसठुसणं, पिकत आलेल्या गळूचं. कळ, लाटेसारखी चढते आणि ओसरते. पोटात येते, दाढेत येते. सणक, एका जागी निघून दुसरीकडे पोचणारी. चमक, हालचाल करताच भरणारी, कंबरेत, गुडघ्यात. सलणं, आत काहीतरी राहून गेल्यासारखं. झोंबणं, जखमेला मीठ लागल्यावर. चुरचुरणं, खरचटल्यावर पाणी पडलं की. आग, भगभग. रग, जड पिशव्या उचलून खांद्याला लागते ती. अवघडणं, आखडणं, ताठणं. कसकस, ताप यायच्या आधीची. दात आंबणं, कैरीनंतरचं. याला तर दुसऱ्या कुठल्या अवयवात जागाच नाही. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘आणि वळ उठतात तेव्हाचं? हुळहुळणं लिही.’ लिहिलं. कागद दोन्ही बाजूंनी भरला. एवढं सगळं आपल्या घरात, आजीच्या आणि आईच्या तोंडात असताना मी डॉक्टरांना ‘दुखतंय’ एवढंच म्हणाले होते.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. पट्टी दोनदा बदलली. पुढच्या आठवड्यात तोंड दोन बोटं उघडायला लागलं, मग तीन. तिखट महिनाभर नाही. तहसील कचेरीजवळून जाताना मामलेदारच्या मिसळीच्या रश्श्याचा वास यायचा आणि मी पावलं उचलायचे.

परवा रविवारी डोंबिवलीला गेले. आईबरोबर भाजी आणायला निघाले. तिची इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट कधी नव्हतीच. उतरताना ती वळणावर थांबली. कठडा घट्ट धरलेला.

‘काय गं?’

‘काही नाही. गुडघा. जरा दुखतंय.’

‘दुखतंय म्हणजे कसं, आई?’

तिने माझ्याकडे बघितलं. ‘दुखतंय म्हणजे दुखतंय. वय झालं.’

‘ठणकतंय? की रग लागल्यासारखं? की चमक भरते?’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

‘चढताना नाही गं एवढं,’ ती म्हणाली. ‘उतरताना. आत काहीतरी करकरतं. मग चमक जाते, इथून,’ तिने वाटीच्या खाली बोट ठेवलं, ‘इथपर्यंत.’

‘आणि रात्री?’

‘रात्री,’ आई म्हणाली, आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले.